वृद्धांचे औषधपाणी आणि सुशिक्षित मुलांचे कर्तव्य
(वार्षिक संमेलनातील भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून आजारपणाचा विषय काढणे काहींना वावगे वाटेल. परंतु घरातील वृद्धांचे औषधपाणी हा आता शिक्षणाचाच प्रश्न झाला आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

पूर्वी गावचा डॉक्टर घरातील तीन पिढ्यांना नावाने ओळखत असे. त्याच्याजवळ साधने मात्र थोडी असत आणि मोठे दुखणे निघाले की नागपूरची गाडी धरावी लागे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. २०१६ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले व केटीएस रुग्णालय त्यास जोडले गेले. २०१८ साली आयुष्मान भारत योजना आली आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकास, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोफत उपचाराची सोय झाली. ही प्रगती लहान नव्हे.

परंतु व्यवस्थेबरोबर तिची भाषाही बदलली. पूर्वी दुखणे सांगता आले की पुरत असे. आज आधार, मोबाईल आणि ओटीपी लागतो. जन्मभर बिड्या वळून, धानाची रोवणी करून ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या, त्यांचा ठसा यंत्र ओळखत नाही. अशा वेळी ओटीपी, डोळ्यांची किंवा चेहऱ्याची ओळख हे मार्ग आहेत. पण दादीला ते सांगणार कोण? वयही आधारवरूनच धरले जाते. ज्यांचे जन्मवर्ष अंदाजाने लिहिले गेले, त्यांची दुरुस्ती दुखणे येण्यापूर्वीच व्हावयास हवी.

दुसरी गोष्ट. ही योजना रुग्णालयात भरती होणाऱ्यांसाठी आहे. रक्तदाब, मधुमेह यांच्या रोजच्या गोळ्या तीत येत नाहीत. त्यांची तपासणी व औषधे यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जावे. गोळी मध्येच सोडली, तर पुढे लकवा किंवा मूत्रपिंडाचा विकार ओढवू शकतो. मग कार्ड असूनही गेलेली शक्ती परत येईलच असे नाही.

तिसरी गोष्ट. मोठ्या रुग्णालयात दर खेपेला डॉक्टर वेगळा असतो. जुन्या डॉक्टरची स्मरणशक्ती आता आपल्या कागदांत असावयास हवी. एकच औषध दोन नावांनी दोन चिठ्ठ्यांवर येते आणि म्हातारे माणूस दोन्ही गोळ्या घेते, हा धोका खरा आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरी एक वही करा. आजार, चालू गोळ्या, न सोसणारे औषध, तपासण्यांच्या तारखा तीत लिहा आणि दवाखान्यात वडीलधाऱ्यांबरोबर स्वतः जा. ७० वर्षांवरील प्रत्येकाचे कार्ड काढून द्या. माहितीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे. शेजारी एकटी राहणारी म्हातारी असेल, तर तिचेही काम आपलेच समजा. पालकांनो, हे काम केवळ मुलीवर टाकू नका, मुलालाही पाठवा.

ज्यांनी स्वतः अंगठा उठवून तुमच्या हाती लेखणी दिली, त्यांना रुग्णालयाच्या खिडकीवर एकटे उभे राहावे लागले, तर आपली प्रमाणपत्रे काय कामाची? याचा विचार आपण कराल अशी आशा बाळगतो आणि माझे दोन शब्द संपवितो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!