शिकागोचा उन्हाळा आणि आमचं वेळापत्रक

मे-जून आला की आपल्या ओळखीतल्या दोन-चार घरांना तरी कुलूप लागतं. विचारलं की शेजारी सांगतात, 'ते ना, अमेरिकेला गेलेत, मुलाकडे.' चार-सहा महिन्यांनी मंडळी परत येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'नायगारा पाहिला का?' त्यानंतर प्रश्नही संपतात आणि उत्तरंही. कारण बाकीचे दिवस बहुतेकांनी उपनगरातल्या एका प्रशस्त घरात काढलेले असतात. सकाळी मुलगा-सून कामाला जातात, नातवंडं शिबिराला जातात. मागच्या अंगणात कोथिंबीर पेरायची, ती उगवली का ते पाहायचं आणि संध्याकाळची वाट बघायची. मी हे हसण्यावारी नेत नाही. नातवंडांसाठी आनंदाने असे महिने काढणारी माणसं मी पाहिली आहेत. पण २०२३च्या उन्हाळ्यात आमचं जाण्याचं ठरलं तेव्हा सौ.ने आधीच सांगून टाकलं, "अहो, मी तिकडे नुसतं घर सांभाळायला येणार नाही. ते इथे चाळीस वर्षं केलंय."

तिच्या बोलण्याला आणखी एक कारण होतं. परत आल्यावर तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया करायच्या ठरल्या होत्या. पुढे इतका लांबचा प्रवास होईल, न होईल. तेव्हा जे पाहायचं ते याच फेरीत, आणि तेही दुखऱ्या गुडघ्यांनी.

मी एसटीच्या वाहतूक शाखेत नोकरी केली. कोणती गाडी किती वाजता सुटायची, कुठे किती थांबायची, मुक्कामी कुठे राहायची, हे लावण्यात हयात गेली. त्यामुळे वही घेऊन बसलो. मुलगा शिकागोजवळ नेपरव्हिल या गावी राहतो. त्याचा बेत वेगळा होता. वर्षाला त्याला पंधरा दिवसांची रजा, त्यातली एक आठवडा आमच्यासाठी. त्या सात दिवसांत न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि नायगारा, सगळं एका दमात, पर्यटन कंपनीच्या बसने. मी नकाशा काढला. शिकागोहून नायगारा साडेआठशे किलोमीटरच्या पुढे, म्हणजे साताऱ्याहून नागपूरला जाण्याहूनही लांब. शिवाय कॅनडाच्या बाजूने धबधबा पाहायचा तर भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. तिचे गुडघे बसच्या पायऱ्या दिवसातून दहादा चढणार होते का? मी फोनवर म्हटलं, "अरे, तुझ्या सात दिवसांचं आपण नंतर बघू. तू ऑफिसात असशील ते ऐंशी दिवस आम्ही काय करायचं ते आधी ठरवू." तो काळजीने म्हणाला, "बाबा, तुम्ही दोघं एकटे शहरात जाणार?" त्याची काळजी खोटी नव्हती. पण सातशे चौरस किलोमीटरहून कमी नसलेल्या परिसरात मी गाड्या सोडल्या आहेत, हे तो विसरला होता.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. आमचा व्हिसा २०१९चाच होता, म्हणून मुलाखतीच्या रांगेतून सुटलो. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका फेरीत किती राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने. विमा मात्र वाचून घ्या. रक्तदाब, मधुमेह असे आधीपासूनचे आजार पॉलिसीत कितपत धरले आहेत, आणि तुमच्या वयाला ते लागू आहे का, हे दोन प्रश्न एजंटाला विचारा आणि उत्तर लेखी मागा. तिथल्या रुग्णालयात तातडीच्या विभागात नुसतं पाऊल टाकलं तरी बिल हजारो डॉलरमध्ये जाऊ शकतं. औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

आता हंगाम. अमेरिकेचा उन्हाळा मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी संपतो. पंचांगाने नव्हे, सुट्ट्यांच्या हिशेबाने. शिकागोचे किनारे पोहण्यासाठी याच मुदतीत खुले असतात. जूनमध्ये तळ्यावरून गार वारा येतो, स्वेटर लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र आपल्या कोकणासारखी घामट हवा. ही हवा साधी समजू नका. १९९५च्या जुलैत तिथे उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसं दगावली, आणि त्यांत बंद घरात एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा भरणा मोठा होता. म्हणून मी वहीत लिहिलं: मोकळ्यावरच्या जागा जूनमध्ये, संग्रहालयं जुलैमध्ये. जूनमध्ये सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळ मोठी मिळते.

आणि प्रत्येक आठवड्यात एक दिवस कोरा ठेवला. एसटीत जादा गाडी राखून ठेवतात तसा. त्याचा उपयोग झाला. २७ जूनला कॅनडातल्या वणव्यांचा धूर शिकागोवर असा उतरला की समोरची झाडं पिवळट दिसायला लागली आणि वयस्कर माणसांनी घराबाहेर पडू नये अशा सूचना आल्या. त्याच आठवड्याच्या शेवटी, १ आणि २ जुलैला, ग्रँट पार्कभोवतीच्या रस्त्यांवर मोटारींची शर्यत होती आणि २ तारखेला पावसाने शहरात पाणी साचलं. गावाला जाण्याआधी आपण तिथली जत्रा कधी आहे ते विचारतो, तसं शहराचं बघून घ्यावं. कुणाला जत्रेसाठीच जायचं असतं, कुणाला ती टाळायची असते.

नेपरव्हिलहून शिकागोला मेट्राची दुमजली लोकल जाते आणि युनियन स्टेशनला संपते. स्टेशनाबाहेर पडून ॲडम्स स्ट्रीट धरायचा. लगेच नदीवरचा पूल. ही शिकागो नदी १९००मध्ये माणसांनी उलटी फिरवली. शहराचं सांडपाणी नदीतून तळ्यात जायचं आणि पिण्याचं पाणीही त्याच तळ्यातून यायचं. तेव्हा कालवा खणून नदीचा प्रवाह तळ्यापासून दूर वळवला. मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्यांनी या पुलावर दोन मिनिटं थांबावं. पूल ओलांडला की उजव्या हाताला विलिस टॉवर, पूर्वीचा सिअर्स टॉवर, ४४२ मीटर उंच. इतकी उंच इमारत वाऱ्यात उभी राहावी म्हणून नळ्यांची जुडी बांधावी तशी रचना करणारे अभियंते फजलूर रहमान खान मूळचे ढाक्याचे. वर जायचं तिकीट महाग आहे. आम्ही खालूनच मान वर केली, आणि मला तरी ते पुरलं.

तसंच सरळ चालत राहिलं की साधारण सव्वा किलोमीटरवर ॲडम्स स्ट्रीट संपतो आणि समोर आर्ट इन्स्टिट्यूटचे दोन सिंह दिसतात. हे सव्वा किलोमीटर आम्ही पाऊण तासात केलं. किलोमीटर मोजायचे नाहीत, बसायच्या जागा मोजायच्या, असा आमचा नियम होता.

विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ला सर्वधर्म परिषदेत भाषण केलं ते याच वास्तूत. ते सभागृह तात्पुरतं उभारलेलं होतं, आज नाही. पण आपल्या मुंबईच्या जितिश कलाट या चित्रकाराने २०१०मध्ये इथल्या मोठ्या जिन्याच्या ११८ पायऱ्यांवर ते अख्खं भाषण दिव्यांच्या अक्षरांत मांडलं होतं. रंग कोणते घेतले? न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर अमेरिकी सरकारने धोक्याच्या इशाऱ्यासाठी ठरवलेले पाच रंग. तो हल्लाही ११ सप्टेंबरचाच, १०८ वर्षांनंतरचा. आम्ही गेलो तेव्हा ते काम तिथे नव्हतं, नुसता जिना होता. सौ. त्या जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "हा काही माझ्याच्याने चढवत नाही."

तिथे चाकाची खुर्ची विनामूल्य मिळते आणि लिफ्टही आहे. पण खुर्चीत बसायला ती तयार होईना. "मी काय आजारी आहे?" शेवटी शेजारून एक आजीबाई तशाच खुर्चीतून, ओठांना रंग लावून, ऐटीत निघून गेल्या. त्यांच्याकडे बघून ती बसली. मग मात्र चार तास आम्ही हिंडलो. सराच्या ठिपक्यांच्या भल्यामोठ्या चित्रासमोर मला फारसं काही झालं नाही, खरं सांगतो. ग्रँट वुडचं १९३०चं 'अमेरिकन गॉथिक' मात्र तिला फार आवडलं. हातात गवत उचलायचा दाताळा घेतलेला शेतकरी आणि शेजारी तोंड आक्रसून उभी असलेली बाई. "आपल्या वाड्यातले दादा आणि वन्सं," ती म्हणाली. एक सूचना: संग्रहालय आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं. २०२३मध्ये मंगळवार-बुधवार बंद होतं. पाच ठिकाणं नऊ दिवसांत पाहायचा एक सवलतीचा पास मिळतो, तो तरुणांना परवडतो. आमच्या वयाला आठवड्यात एक मोठं संग्रहालय पुष्कळ.

वयस्करांसाठी आणखी एक जागा सांगतो, जी प्रवासी कंपन्या सांगत नाहीत. मिलेनियम पार्कसमोर कल्चरल सेंटर आहे. १८९७ची इमारत, पूर्वीचं सार्वजनिक वाचनालय. आत रंगीत काचांचा विशाल घुमट, गार हवा, बसायला जागा आणि स्वच्छतागृह. प्रवेश फुकट. शहरात आमचा तो मुक्कामी डेपो झाला. समोर बागेत मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं आरशासारखं शिल्प, 'क्लाउड गेट', लोक त्याला 'बीन' म्हणजे घेवड्याचा दाणा म्हणतात. आम्ही जूनमध्येच ते पाहून घेतलं ते बरं झालं, कारण ऑगस्टमध्ये त्याभोवतालचा चौक दुरुस्तीसाठी बंद झाला तो थेट २०२४च्या जूनमध्ये उघडला. त्याच बागेत उन्हाळ्यात बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी सिम्फनी वाद्यवृंदाचे कार्यक्रम होतात, हिरवळीवर बसायला पैसे नाहीत. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बसलो. ते संगीत कळलं असं म्हणणार नाही. शेवटच्या लोकलची वेळ मात्र मी घड्याळात पाहत होतो.

मुलाच्या रजेचे सात दिवस आम्ही तोडून वापरले, दर शुक्रवारी एक. त्यातला एक इंडियाना ड्यून्सचा. शिकागोहून गाडीने तास-सव्वा तास. मिशिगन तळ्याकाठी वाळूचे डोंगर आहेत, २०१९पासून राष्ट्रीय उद्यान. तळं म्हणतो खरं, पण त्याचं क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या जवळपास पाचवा हिस्सा. पलीकडचा काठ दिसत नाही. लाटा आहेत, वाळू आहे, पण समुद्राचा वास नाही. तिने ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं. "अळणी आहे हो!" नातू आजीला हात धरून पाण्यात घेऊन गेला, गुडघाभर. थंड पाण्यात गुडघे दुखायचे थांबले म्हणून ती तासभर बाहेर येईना. मुलगा वाळूत बसून होता. कधी नव्हे तो ऑफिसचा फोन गाडीत ठेवून आलेला. न्यूयॉर्कचं नाव त्यानंतर त्याने काढलं नाही.

स्टार्व्ह्ड रॉकच्या दऱ्या मी वहीतून खोडल्या. तिथले धबधबे वसंतात वाहतात, भर उन्हाळ्यात पाऊस नसेल तर कोरडे पडतात, आणि चढ-उतार बराच. आपला सह्याद्री पाहिलेल्या माणसाने त्यासाठी गुडघे झिजवू नयेत.

ऑगस्टच्या मध्यावर मात्र आम्ही राज्य ओलांडलं. युनियन स्टेशनवरून हायावाथा नावाची ॲमट्रॅकची गाडी दीड तासात मिल्वॉकीला पोचवते. पासष्टीपुढच्यांना दहा टक्के सवलत. आपल्याकडे मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, हे सौ.ने तिकीटखिडकीवरच्या बाईंना मराठी-इंग्रजीत समजावून सांगितलं. त्यांनी कौतुकाने ऐकून घेतलं आणि दहाच टक्के वजा केले. मिल्वॉकीच्या कलासंग्रहालयाच्या माथ्यावर कालात्रावा या स्पॅनिश वास्तुकाराने २००१मध्ये बसवलेले पांढरे पंख आहेत, खरोखरचे हलणारे. दुपारी बारा वाजता ते मिटतात आणि पुन्हा उघडतात. वारा फार असला तर हलवत नाहीत. आम्ही पावणेबारालाच टॅक्सीने पोचून बाकावर बसलो होतो. पंख मिटायला लागले तेवढ्यात मुलाचा फोन आला, कुठे आहात म्हणून. तिने फोन माझ्या हातातून घेतला. "विस्कॉन्सिनला," ती म्हणाली, "आत्ता बोलायला वेळ नाही. सव्वासहाच्या लोकलने येतो. कुकर लावून ठेव."