नव्या घराची परीक्षा



या व्यासपीठावरून कोणी वेदान्तावर बोलतो, कोणी राजकारणावर. आम्ही आज नहाणीघराच्या मोरीवर आणि भिंतीतल्या प्लगवर बोलणार आहोत. हसू नका. आमची शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचे शिक्षण बांधकामावरच्या प्लंबरांनी आणि वायरमनांनी दिले, आणि त्यांच्यातच संघटना बांधताना आमचे केस पिकले.

माणूस जन्माची पुंजी ओतून घर घेतो. ताबा घेताना फरशी चमकते का, गॅलरीतून काय दिसते, हे डोळे भरून पाहतो. मोरीत मात्र वाकून पाहत नाही.

मोरीच्या जाळीखाली एक भांडे असते, त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. त्याच्या बाकात सुमारे ५० मिलिमीटर, म्हणजे तीन बोटे पाणी कायम साठलेले असते. गटारातला वायू घरात येऊ न देणारा दरवाजा तो एवढाच! घर काही महिने बंद राहिले की हे पाणी उडून जाते. इमारतीला वायुनळी नीट बसवलेली नसेल, तर वरच्या मजल्यावरच्या फ्लशबरोबरही ते ओढले जाते. वास आला की आपण उदबत्ती लावतो!

हे नुसते वासाचे प्रकरण नाही. २००३ च्या मार्चमध्ये हाँगकाँगच्या अॅमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सची साथ शिरली आणि ३०० हून अधिक रहिवासी आजारी पडले. तेथील आरोग्यखात्याच्या चौकशीत बोट मोरीच्या जाळीकडे वळले. लोक फरशी धूत नव्हते, पुसत होते. म्हणून ट्रॅप कोरडे पडले होते, आणि नहाणीघरातला पंखा नळातली दूषित हवा आत ओढत होता. तेव्हा ताबा घेताना बादलीभर पाणी ओता. ते कोपऱ्यात न थांबता जाळीकडे धावले पाहिजे. मग वरच्या बिऱ्हाडाला फ्लश ओढायला सांगा आणि विजेरी लावून ट्रॅपमधले पाणी जागेवर आहे का ते पाहा.

आता प्लग. तीन भोकांतले वरचे मोठे भोक अर्थिंगचे. ते दिसते म्हणून अर्थिंग आहे, असे समजू नका. आत हिरवी तार आलेलीच नाही, असे प्लग आमच्या लोकांनी शेकड्यांनी उघडले आहेत. याहून वाईट प्रकार म्हणजे अर्थचे टोक तिथल्या तिथे न्यूट्रलला जोडून देणे. टेस्ट-लॅम्प लावला तर दिवा ऐटीत पेटतो, गिऱ्हाईक खूश. पण पुढे न्यूट्रल कुठे तुटली, की गिझरचे आणि धुलाईयंत्राचे अंगच २३० व्होल्टचे होते. ओल्या पायांनी कोणी हात लावला, तर काय होते ते आम्ही पाहिले आहे. त्याचे वर्णन या सभेत नको.

ही लबाडी पकडता येते. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. परवानाधारक वायरमनने फेज आणि अर्थ यांच्यामध्ये दिवा लावला, की तो खटका तत्काळ पडला पाहिजे. खटका न पडता दिवा पेटत राहिला, तर प्लग उघडायला लावा. एमसीबी आहे ना, असे कोणी म्हणेल. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नव्हे. खटक्यावरचे 'टी' हे बटणही फक्त खटकाच तपासते, प्लगमधली तार नाही.

कारागीर हे का करतो? मजुरी पॉइंटमागे ठरते. ठेका एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे उतरतो आणि प्रत्येक पायरीवर तार थोडी आखूड होते. कागदावर सही परवानावाल्याची. भिंतीत हात काल गावाहून आलेल्या पोराचा. पहिला झटकाही बहुधा त्यालाच बसतो.

२०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, ताबा दिल्यापासून ५ वर्षांत कामातला वा सोयींतला दोष दाखवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त केला पाहिजे. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. आणि दुरुस्तीला जो पोरगा येईल त्याच्यावर ओरडण्याआधी एवढे विचारा, की हिरवी तार त्याला दिली होती का?