मंगळवारचा शब्द

विश्वासूपणा म्हटले की आपल्याला रूथ आठवते. मला एक मंगळवार आठवतो.

पाड्यावरच्या एका कुटुंबाचा वनहक्काचा दावा अडला होता. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचा पुरावा हवा होता. त्यात गावातल्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाबही चालतो. शेजारचे आजोबा तयार होते. "मंगळवारी येऊन लिहून घेतो," मी म्हणालो.

त्या मंगळवारी उपासनेत मला संदेश द्यायचा होता. विषय, सांगायला लाज वाटते, विश्वासूपणा. पुढचा मंगळवार पावसात गेला. तिसऱ्या मंगळवारी पोचलो, तेव्हा आजोबांना जाऊन चार दिवस झाले होते.

मला कोणीच बोलले नाही. दोन्ही मंगळवारी मजुरी बुडवून आजोबा ओटीवर बसून होते, एवढेच सुनेने सांगितले. तोटा सोसूनही शब्द न फिरवणारा माणूस स्तोत्र 15 मध्ये आहे. त्या ओटीवर तो बसलेला होता.

दुसऱ्या एका आजींचा जबाब आम्ही नंतर घेतला. दावा अजून चालू आहे. हल्ली जाणे जमणार नसेल, तर मी आदल्या दिवशी शाळेच्या गुरुजींकडे निरोप ठेवतो. पाड्यावर रेंज नसते.