बारीक नळी आधी तुंबते

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)

मी कविता लिहिणारा माणूस. हृदय या विषयावर कवीला बोलायला सांगितलं तर तो तासभर बोलेल आणि त्यात हृदयाच्या कामाचं काहीच नसेल. गझलेत तर दिल तुटतं, जळतं, हरवतं, कुणाच्या तरी गल्लीत राहून जातं; फक्त त्याच्या रक्तवाहिन्या कधी तुंबत नाहीत. आज मला त्या तुंबणाऱ्या हृदयाबद्दल बोलायचं आहे, आणि त्याच्या जोडीनं अशा एका तक्रारीबद्दल, जिला आपल्या बोलण्यात धड नावसुद्धा नाही.

शरीरसंबंधाच्या वेळी पुरुषाच्या इंद्रियाला पुरेशी ताठरता येत नाही, किंवा आलेली टिकत नाही, अशी ती तक्रार. आमच्या मलकापुरात हिला 'कमजोरी' म्हणतात, तेही आवाज खाली करून. त्यापुढचा शब्द 'नामर्द', आणि ती शिवी आहे. 'नपुंसक' हा शब्द तर माणसाला माणसांतूनच उठवतो. तापाला ताप म्हणतात, खोकल्याला खोकला. इथे मात्र आजाराचं नाव घ्यायला जावं तर माणसाची लायकीच निघते. मग डॉक्टरला सांगणार कोण?

पण सांगायला हवं. कारण ही तक्रार पुष्कळदा हृदयविकाराची पहिली खूण असते.

आमच्याकडे पूर्णेच्या काठाला खारपाणपट्टा आहे. क्षाराच्या पाण्यावर ठिबक चालवणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. आधी ड्रिपर चोक होतो. मोठ्या पाइपातून पाणी अजून व्यवस्थित वाहत असतं, मोटार नीट चालते, पण शेवटच्या बारीक भोकाशी थेंब थांबतो. शहाणा शेतकरी तेवढा एक ड्रिपर बदलून घरी जात नाही. तो फिल्टर उघडतो, पाणी बघतो. क्षार आतल्या सगळ्या नळ्यांत बसत असणार, हे त्याला कळतं.

शरीरातही तेच आहे. पुरुषाच्या इंद्रियाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाला पुरवणाऱ्या तीन ते चार मिलिमीटरच्या. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांनी धमन्यांचं आतलं अस्तर खराब होऊ लागलं की ते सगळीकडेच होतं; पण बारीक नळी आधी बोलते. इटलीत मिलान इथल्या डॉक्टरांनी २००३ साली ३०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. छातीत दुखतं म्हणून ही माणसं आली होती आणि त्यांच्या हृदयाच्या धमन्यांत अडथळे सापडले होते. त्यातल्या निम्म्या माणसांना ही ताठरतेची तक्रार होती. आणि अशी तक्रार असलेल्यांपैकी ६७ टक्के लोकांना ती छातीत दुखायच्या आधीपासून होती. किती आधी? सरासरी ३९ महिने.

३९ महिने म्हणजे सव्वातीन वर्षं. एवढ्या वेळात साखर ताब्यात आणता येते, बिडी सुटते, रक्तदाबाची गोळी सुरू होते, गरज पडली तर हृदयाची तपासणी होते. आपल्याकडे ती सव्वातीन वर्षं गप्प बसण्यात जातात.

प्रत्येक वेळी हृदयच दोषी असतं असं नाही. तक्रार अचानक सुरू झाली असेल, एखाद्या काळजीच्या दिवसांत झाली असेल आणि पहाटे झोपेत ताठरता नेहमीसारखी येत असेल, तर कारण बहुधा मनाचं असतं. हळूहळू वाढत गेली, पहाटेचीही गेली, आणि वय चाळिशीच्या पुढे असलं, तर मात्र साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासायलाच हवं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही असा त्रास होतो. तेव्हा डॉक्टरला सांगितलं की तो गोळी बदलून देऊ शकतो. आपण होऊन बंद केली तर पक्षाघाताला आमंत्रण.

आता त्या प्रसिद्ध गोळीची गोष्ट. १९९० च्या सुमारास इंग्लंडमधल्या सँडविच गावी फायझर कंपनीचे शास्त्रज्ञ हृदयशूळावर औषध शोधत होते. त्यांचं सिल्डेनाफिल हृदयावर बेताचंच चाललं, पण चाचणीतले पुरुष एक वेगळाच परिणाम सांगू लागले. १९९८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत तेच औषध व्हायग्रा या नावानं मंजूर झालं. त्याच वर्षी वैद्यकशास्त्राचं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना मिळालं. धमन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं आणि त्यानं धमनी सैलावते, हे त्यांनी दाखवून दिलं होतं. गंमत बघा, ज्या नोबेलच्या नावानं पारितोषिक आहे, त्यानं नायट्रोग्लिसरीनचे सुरुंग करून पैसा मिळवला आणि उतारवयात डॉक्टरांनी त्याच्या हृदयासाठी तेच नायट्रोग्लिसरीन लिहून दिलं.

गंमत इथे संपते. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी तुमच्या-आमच्या घरात असते. तीही याच नायट्रेटच्या घराण्यातली, तीही धमन्या सैल करते. सिल्डेनाफिल आणि सॉर्बिट्रेट पोटात एकत्र आले तर रक्तदाब असा कोसळतो की माणूस जागचा उठत नाही. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेटची कुठलीही गोळी चालत नाही. ज्यांना रोज नायट्रेट किंवा निकोरँडिल सुरू आहे, त्यांनी या गोळ्यांच्या वाटेलाच जायचं नाही. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांबरोबरही जपावं लागतं. बाकी ज्याचं हृदय स्थिर आहे आणि ज्याला नायट्रेट नाहीत, त्याला डॉक्टर ही गोळी देतात, आणि ती त्याला मानवतेसुद्धा. धोका असतो तो लपवून घेण्यात. मुलगा किंवा बायको घाबरून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवते, कारण आधी काय घेतलं आहे हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

लपवालपवीवर मोठा धंदा उभा आहे. रेल्वेनं कुठेही निघा, रुळांकडेच्या भिंती पाहा. अमुक तारखेला अमुक लॉजवर खानदानी वैद्य, हकीम भेटतील, पहिल्याच दिवशी गुण. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे; चुन्यात रंगवलेल्या भिंतींना ते कुणी कळवलेलं दिसत नाही. 'जडीबुटी आहे, अपाय नाही' यावर तर अजिबात विसंबू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा 'नैसर्गिक' म्हणवणाऱ्या कितीतरी मालांत गुपचूप मिसळलेलं सिल्डेनाफिल पकडलं आहे. म्हणजे माणूस समजतो की आपण चूर्ण घेतलं, आणि रात्री सॉर्बिट्रेट घेतो.

माणसं लॉजवर जातात कारण तिथे कुणी ओळखीचं नसतं. लाज एवढी जुनी आहे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. वाचक त्यांना शरीराबद्दलचे प्रश्न लिहून पाठवत आणि ते उत्तरं छापत. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. खटला हरले, दंड भरला, मासिक चालूच ठेवलं, ते थेट १९५३ साली वारले तोवर. बाबासाहेबांनी इतर इतक्या कामांत या खटल्यासाठी वेळ काढला, याचं मला फार अप्रूप वाटतं. ज्यांना विचारायला दुसरी जागा नव्हती, त्यांचे ते प्रश्न होते.

आणि आम्हा मुसलमानांची गंमत अशी की मशिदीत मौलवीसाहेबांना आमची माणसं गुसलबद्दल, रोज्यातल्या नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल बिनदिक्कत विचारतात. हदीसमध्ये हजरत आयशांनी मदिनेच्या अन्सार स्त्रियांची तारीफ केलेली आहे, कारण धर्म समजून घेताना लाज त्यांच्या आड आली नाही. तीच माणसं डॉक्टरपुढे बसली की त्यांची जीभ टाळूला चिकटते.

डॉक्टरांचीही चिकटते. चार वर्षांपूर्वी माझ्या हृदयात एक स्टेंट बसला. रुग्णालयातून निघताना चार पानी कागद हाती आला. तेल किती, मीठ किती, चालायचं किती, स्कूटर कधी चालवायची, दाढ काढायची झाली तर आधी काय विचारायचं, सगळं होतं. पत्नीबरोबर पूर्वीसारखं राहायचं की नाही, याबद्दल एक ओळ नव्हती. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा खोलीत कंपाउंडर, दोन परिचारिका आणि नंबर लावून उभे असलेले तिघे. मी प्रश्न एसटीच्या तिकिटामागे लिहिला आणि डॉक्टरांपुढे सरकवला. त्यांनी वाचला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, "हे विचारायचं असतं पुष्कळांना. विचारत नाही कुणी." मग ते वीस मिनिटं बोलले. मला नेमका कोणता त्रास होता, हे मी तुम्हाला सांगणार नाही. प्रश्न विचारला, एवढं पुरे.

याच सुमारास माझ्या पत्नीला तिच्या एका मैत्रिणीनं विचारलं होतं, "भाभी, ह्यांना अटॅक येऊन गेला. आता गादी वेगळी घालू का?" त्या प्रश्नात केवढी भीती होती! माझ्यामुळे ह्यांना काही झालं तर, ही. नवऱ्याला वाटतं आपण संपलो, बायकोला वाटतं आपण जवळ गेलो तर त्यांचा जीव जाईल, आणि दोघं एका खोलीत दोन भिंतींकडे तोंड करून झोपतात. त्यात आपली घरं दोन खोल्यांची, शेजारी मुलगा-सून. पन्नाशीनंतर एकमेकांशी बोलायलासुद्धा जागा सापडत नाही.

डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते असं. ओळखीच्या घरात, ओळखीच्या माणसाबरोबरचा संबंध हा हृदयाला दोन मजले जिना चढण्याइतपत श्रमाचा असतो. एकूण हृदयविकाराच्या झटक्यांपैकी संबंधाच्या वेळी येणारे झटके शंभरात एकही नसतात. दोन मजले दमानं, पण न थांबता चढता आले आणि छातीत दुखलं नाही, दम कोंडला नाही, तर बहुतेकांना भीती नाही. शंका असेल तर डॉक्टर पट्ट्यावर चालवून टीएमटी करतात. साध्या झटक्यानंतर किती दिवस थांबायचं, ते प्रत्येकाच्या हृदयावर ठरतं आणि पुष्कळदा आपल्याला वाटतं त्याहून थोडेच दिवस असतात. बायपास झाली असेल तर छातीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. ज्याच्या छातीत बसल्याजागी दुखतं, पायांवर सूज आहे, थोडं चाललं तरी धाप लागते, किंवा रक्तदाब ताब्यातच नाही, त्यानं आधी उपचार घ्यायचे आणि हे पुढे ढकलायचं. भरल्या पोटी नको, दारू पिऊन तर नकोच. मध्येच छातीत दुखू लागलं तर थांबायचं. आदल्या एक-दोन दिवसांत 'ती' गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेटला हात लावायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि रुग्णालयात पहिलं वाक्य त्या गोळीबद्दल बोलायचं. तिथे लाजलात तर डॉक्टर नायट्रेट देईल, त्याचा दोष नाही.

रोज चालणं, तंबाखू सोडणं, वजन उतरवणं आणि साखर ताब्यात ठेवणं यांनी हृदयाचं भलं होतं ते होतंच, कित्येकांची ही तक्रारही सुधारते. बिडी सोडायला हे कारण कॅन्सरच्या चित्रापेक्षा जास्त लागू पडावं, असा माझा आपला अंदाज.

मैत्रिणीला आम्ही निरोप दिला, डॉक्टरांना दोघांनी मिळून विचारा. ती दोघं गेली. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली, दोन मजल्यांची खूणही सांगितली. आता आमच्या गल्लीत बसकी घरं, दोन मजले आणायचे कुठून? मग एका संध्याकाळी दोघं मलकापूर स्टेशनवर गेली आणि कुठल्याही गाडीला जायचं नसताना पादचारी पुलाचा जिना चढली. दुसऱ्या दिवशी ती घरी आली ती हसतच. म्हणाली, "भाभी, ह्यांना काही झालं नाही. धाप मलाच लागली."

तिचं बीपी तपासून घ्या, असं माझ्या पत्नीनं तिला तिथल्या तिथे बजावलं. वाढलेलं निघालं. गोळी सुरू आहे.