पाटीवरच्या पेन्सिलीची किंमत



पाटीवर गिरविलेले पहिले अक्षर आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. परंतु ती पेन्सिल कोठून येई, हा प्रश्न आपण क्वचितच केला असेल. माळव्यातील मंदसोर हे तिच्या धंद्याचे एक मोठे ठिकाण. १८१८ साली होळकर व इंग्रज ह्यांच्यात तह झाला तेच हे गाव.

तेथे पाटीचा दगड विजेच्या करवतीने चिरून त्याच्या बारीक कांड्या पाडीत. करवत फिरू लागली की धुळीचा लोट उठे. त्यातील जाड कण खाली बसतात. खरा धोका त्यांचा नव्हे. डोळ्यांना न दिसणारे, गारेच्या जातीचे सूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जातात, तेथे गाठी धरतात आणि फुप्फुस हळूहळू निबर होत जाते. ह्या रोगास सिलिकोसिस म्हणतात. त्याचा खोकला व धाप क्षयासारखीच. शिवाय अशा फुप्फुसात क्षयाचा शिरकावही सहज होतो. त्यामुळे पुष्कळदा मूळ रोगाची नोंदच होत नाही, आणि दोष मात्र कामगाराच्या नशिबाला दिला जातो.

रामाझिनी ह्या इटालियन वैद्याने १७०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक साधी सूचना केली होती : रोग्याला त्याचा धंदाही विचारावा. मंदसोरच्या कामगारांना हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने विचारला तो अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने. ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. तिच्या संशोधकांनी ५९३ कामगारांची तपासणी केली व निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. शंभरांतील सुमारे पंचावन्न जणांना हा रोग जडलेला होता. ज्याला दैव म्हटले जात होते, त्याचे कारण आकड्यांनिशी पुढे आले.

कायदा नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिस हा सरकारला कळविण्याच्या रोगांच्या यादीत होता. परंतु तो कायदा सामान्यतः विजेवर चालणाऱ्या व दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यास लागू होई. चार-पाच माणसांची लहान शेड त्याबाहेर राही. लहान जागांनाही तो लागू करण्याचा अधिकार राज्य सरकारांना होता. पण अधिकार असणे वेगळे व तो वापरणे वेगळे. १९८२ साली मध्य प्रदेशात स्लेट पेन्सिल कामगारांसाठी कल्याणनिधीचा स्वतंत्र कायदा झाला, हे पाऊल स्तुत्यच होय.

तथापि निधीने कुटुंबास आधार मिळेल, गेलेला श्वास परत येणार नाही. हा रोग बरा करणारे औषध नाही. तो टाळता मात्र येतो. धूळ करवतीपाशीच शोषून घ्यावी, शक्य तेथे दगड ओला करून कापावा, हवेतील धूळ नियमाने मोजावी व कामगारांच्या छातीची वेळोवेळी तपासणी करावी. तोंडाला फडके बांधावयास सांगून मालकाची जबाबदारी संपत नाही. सूक्ष्म कण त्यातून आत जातातच.

आज पाटी मागे पडली, पण दगड फोडणे, घासणे व कोरणे चालूच आहे. आपल्या गावात असे काम करणारा कोणी खोकत दवाखान्यात आला, तर डॉक्टरांनी प्रथम विचारावे : बाबा, काम काय करतोस? आणि ते उत्तर केसपेपरवर लिहून ठेवावे.