नऊ बळींचे गुप्ते

कर्जत-खालापूरच्या मैदानांवर लेगस्पिन टाकू पाहणाऱ्या मुलांना सुभाष गुप्ते हे नाव ठाऊक असायलाच हवं.

१९२९ साली मुंबईत जन्मलेल्या गुप्ते यांच्याकडे दोन वेगवेगळ्या गुगली होत्या. १९५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात वॉरेल, वीक्स, वॉलकॉट हे फलंदाज समोर असताना त्यांनी पाच कसोटींत २७ बळी घेतले. १९५८ मध्ये कानपूरला त्याच संघाचे नऊ गडी एका डावात टिपले, १०२ धावांत!

वेस्ट इंडिजचे गॅरी सोबर्स त्यांना सर्वोत्तम लेगस्पिनर मानत.

१९६१ मध्ये दिल्लीच्या हॉटेलात खोलीतल्या सहकाऱ्याने स्वागतिकेला केलेल्या एका फोनवरून तक्रार झाली, तिचा ठपका त्यांच्यावरही आला आणि वयाच्या ३२ व्या वर्षी कसोटी कारकीर्द संपली. ३६ कसोटी, १४९ बळी.

त्यांचे संघसहकारी विनू मंकड २०२१ मध्ये आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. गुप्ते यांचा हक्कही तितकाच भक्कम आहे.