बांध झालेली गलबतं

कोकणात खाडीकाठी ज्यांची शेती आहे, त्यांना बांधाला खांड पडणं म्हणजे काय, हे सांगायला नको. एका उधाणात खारं पाणी आत शिरतं आणि जमीन हातची जाते. इंग्लंडमध्ये, सेव्हर्न नदीच्या काठी पर्टन नावाचं गाव आहे. १९०९ साली तिथे असंच संकट उभं राहिलं. बांधामागे शेत नव्हतं, कालवा होता.

सेव्हर्नची भरती विलक्षण. मुंबईला पाच मीटरची भरती आली, तर वर्तमानपत्रात बातमी येते. सेव्हर्नच्या मुखाशी हा चढ-उतार १४ मीटरपर्यंत जातो. नदीची वळणं, वाळूचे दांडे आणि हे पाणी, यांतून गलबतं न्यायला नकोत म्हणून शार्पनेस ते ग्लॉस्टर हा सुमारे २६ किलोमीटरचा कालवा खणला गेला. तो १८२७ साली सुरू झाला. पर्टनजवळ कालवा आणि नदी यांच्यामध्ये मातीची एक चिंचोळी पट्टीच काय ती उरते. तीच पट्टी नदीनं पोखरली आणि काठ ढासळला.

कालव्याच्या अभियंत्यानं तेव्हा जुनी गलबतं मागवली. वाफेच्या जहाजांपुढे आणि रेल्वेपुढे टिकाव न लागलेली कितीतरी गलबतं बंदरात नुसती उभी होती. उधाणाच्या भरतीला एकेक गलबत ओढून आणायचं, पाणी अगदी वर चढलं की काठावर घुसवायचं आणि मग त्याला भोकं पाडायची. प्रत्येक भरतीचं पाणी आत शिरे, निथळताना गाळ मागे ठेवी. गलबत गाळानं भरे, जड होई, जागचं हलेनासं होई. ज्या नदीनं काठ खाल्ला, तिच्याच गाळानं तो पुन्हा उभा राहिला. मला या युक्तीचं फार कौतुक वाटतं.

हे काम पुढे साठेक वर्षं चाललं. ८० हून अधिक नौका तिथे रुतल्या आहेत. सेव्हर्नवरच माल वाहणारे सपाट तळाचे ‘ट्रो’ आहेत, समुद्रावर फिरलेली शिडाची गलबतं आहेत, आणि पोलादाच्या टंचाईमुळे दुसऱ्या महायुद्धात बांधलेले काँक्रीटचे पडावही आहेत. ‘हॅरिएट’ हा १९०५ सालचा लाकडी पडाव तर त्याच्या जातीतला शेवटचा ज्ञात नमुना. त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं आहे.

बाकीच्यांचं नशीब तितकं चांगलं नाही. लोकांनी फळ्या सरपणाला नेल्या, काही गलबतांना आगी लावल्या. याचा मला खरोखर संताप येतो. इतिहासाचे अभ्यासक पॉल बार्नेट आणि त्यांच्या सोबत्यांनी जुन्या नोंदी धुंडाळून एकेका सांगाड्याची ओळख पटवली आणि तिथे नावांच्या पाट्या लावल्या. कुठे नाळेचा वाकलेला खांब, कुठे सुकाणूचं लोखंड, एवढंच गवतातून वर दिसतं. त्यावरून नाव शोधायचं म्हणजे चिकाटीचंच काम.

ही गलबतं उचलून संग्रहालयात का ठेवत नाहीत, असं कुणालाही वाटेल. मला ते पटत नाही. गाळात गाडलेल्या लाकडाला हवा लागत नाही, म्हणून ते टिकतं. बाहेर काढलं की वाळून तडकू लागतं. शिवाय कालव्यात आजही पाणी आहे, बोटी ये-जा करतात, आणि नदी पलीकडून दिवसातून दोनदा त्याच काठावर चढते.